सीआरएम घेऊन दीड वर्ष झालं पण नुसती नंबरांची वही झालीय, कुणी नीट वापरतंय का?

मिरज_ठिबक

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण वाचा. आमचं मिरजेत ठिबक, पंप, पाइपचं दुकान आहे, मालक माझे मामा, मी ऑफिस आणि सेल्स दोन्ही बघतो, फिल्डवर चार पोरं आणि बिलिंगला एक ताई. दीड वर्षापूर्वी सीआरएम, म्हणजे गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर, घेतलं, दर महिन्याला माणशी पैसे जातात, बसवून देणाऱ्यांनी दोन तास ट्रेनिंग दिलं आणि गेले, त्यानंतर आमचं आम्हीच. आता होतं काय की पोरं आठवडाभर तासगाव, कवठेमहांकाळ, जत फिरतात आणि शनिवारी संध्याकाळी बसून सहा दिवसांच्या भेटी एकदम भरतात आणि प्रत्येक भेटीपुढं एकच शब्द, फॉलोअप. कधी करायचा, कशाचा करायचा, काहीच नाही.

नावं २३०० च्या वर आहेत. पण त्यात एकच माणूस तीन-तीनदा, कुठं मराठीत कुठं इंग्रजीत, कुठं नंबराच्या आधी शून्य कुठं ९१. परवा मी गावावरनं शोधलं तर गाव नुसतं "कवठे" लिहिलेली ६१ नावं निघाली, आता ते कवठेमहांकाळ का कवठेएकंद का कवठेपिरान हे कसं कळायचं, तिन्ही गावं तीन दिशेला.

खरं लागलं ते सांगतो. सावळजचे एक बागायतदार, चार एकर द्राक्ष, जुनी ठिबक काढून नवीन टाकायची होती, मे महिन्यात दुकानात येऊन गेले, कोटेशन पण नेलं. पोरानं सीआरएममध्ये "इंटरेस्टेड" टाकलं आणि विषय तिथंच राहिला. सप्टेंबर संपता संपता मी फोन केला तर म्हणाले, "आवं, छाटणीच्या आदी बसवून पायजे हुतं, तुमी काय आलाच न्हाई, मग दुसऱ्याकडनं बसवून घेतलं की." माणूस अगदी शांतपणे बोलला, त्यामुळं जास्तच लागलं. नाव आमच्याकडं होतं, नंबर होता, कोटेशन होतं, ऑक्टोबर छाटणी कधी असते हे तर लहान पोराला पण माहीत असतं, तरी चार एकराचं काम गेलं.

मामा म्हणतात बंद करा ते, आपली वहीच बरी. मला बंद करायचं नाही. पण पोरांना रोज भरायला कसं लावायचं, आणि भरलेल्यातनं धंदा कसा काढायचा? सॉफ्टवेअर कुठलं चांगलं हे विचारत नाहीय, आहे तेच नीट वापरायचंय.

पोवईनाका_ताई

दादा, मी साताऱ्यात ट्रॅक्टर शोरूममध्ये नऊ वर्षं फॉलोअपचं काम बघते, त्यामुळं तुमचं सावळजचं वाचून कळलं अगदी. आमच्याकडं पण असंच होतं, "हॉट, वॉर्म, कोल्ड" असं प्रत्येकापुढं लिहायचं आणि सगळेच हॉट.

एक बदल केला त्यानं सगळं पालटलं. पुढची तारीख टाकल्याशिवाय एंट्री सेव्हच होत नाही असं करून घेतलं. सेटिंगमध्ये तो रकाना सक्तीचा करता येतो, पाच मिनिटांचं काम आहे. आणि सकाळी साडेनऊला दुसरं काही उघडायच्या आधी दोनच याद्या उघडते, आजची तारीख असलेले आणि तारीख उलटून गेलेले. बाकी शंभर रिपोर्ट त्यात असतील, मी नऊ वर्षांत रोज उघडल्यात त्या या दोनच.

आता तारीख कुठली टाकायची, तर इथं पोरं चुकतात, सगळ्यांना आठ दिवसांनंतरची टाकून मोकळी होतात. शेतकरी तारीख सांगतच असतो हो, फक्त कॅलेंडरच्या भाषेत सांगत नाही. "पुढच्या लागणीला बघू" म्हणाला तर त्याला विचारायचं उसाची लागण आडसाली का सुरू, आडसाली म्हणाला तर जुलै-ऑगस्टची लागण, म्हणजे मेच्या मध्यात फोन, सुरू म्हणाला तर जानेवारी-फेब्रुवारी, म्हणजे डिसेंबर उजाडला की फोन. "ऊस गेल्यावर" म्हणाला तर तोड कधी येणार ते विचारायचं आणि वर कारखान्याचं बिल खात्यावर यायचे दिवस धरायचे. तुमच्या द्राक्षवाल्यांचं तर अजून सोपं, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, दोन्हीच्या दोन महिने आधी.

आणि शेरा लिहायचा तो त्याच्याच शब्दांत. कोरेगाव भागातले एक काका, त्यांच्यापुढं मी लिहून ठेवलेलं, "आल्याला दर आला की घेतो, तवर जमिनीतच ठेवणार." आमच्याकडं दर नसला तर आलं काढत नाहीत, तसंच राखतात, हे तुम्हाला माहीत असेल. मी दर पंधरा दिवसांनी तारीख पुढं ढकलत राहिले, फोन नाही केला, कारण दरच नव्हता तर त्रास कशाला द्यायचा. दर चढला त्या आठवड्यात फोन केला आणि पहिलं वाक्य हेच बोलले, "काका, आलं काढलं का?" ते हसले आणि म्हणाले उद्या येतो. नुसतं "फॉलोअप" लिहिलं असतं तर मी दर आठवड्याला "काय ठरलं का" विचारून त्यांना वैताग दिला असता.

जत_ते_विटा

मी पोरांच्या बाजूनं बोलतो, कारण मी तेच काम करतो. औषधं-खतांच्या लाईनला फिल्डवर आहे, दिवसाला ९०-१०० किलोमीटर गाडी.

आमच्या आधीच्या सीआरएममध्ये एका भेटीला चौदा रकाने होते. ऊन डोक्यावर, शेतकरी बांधावर उभा, त्याचं पाणी दुसऱ्या सरीला फिरवायचं राहिलंय आणि मी मोबाइलमध्ये त्याचा ईमेल आयडी विचारत बसू का? मग आम्ही काय करायचो, रात्री घरी येऊन कायतरी भरायचो. दादा, तुमची पोरं आळशी नाहीत, त्यांना बांधावर उभं राहून भरता येईल एवढंच द्या. माझ्या मते चार गोष्टी बास, नंबर, गाव, पीक आणि एकर, पुढची तारीख. बाकी शेरा बोलून टाकायचा, कीबोर्डवर माइक दाबून मराठीत बोललं की आपोआप लिहून येतं, नव्वद टक्के बरोबर येतं, राहिलेलं कळतं. मी गाडीला किक मारायच्या आधी वीस सेकंदात बोलून मोकळा होतो.

रेंजचं पण बघा. जतच्या पूर्वेला गेलं की रेंज जाते येते. तुमच्या अ‍ॅपला ऑफलाइन भरून नंतर चढतंय का ते एकदा फोन फ्लाइट मोडवर टाकून तपासा, नसेल तर पोरांना दोष देऊ नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पोराला त्यातनं काय मिळतं? आम्हाला वाटायचं हे साहेबांना आमच्यावर लक्ष ठेवायला पायजे. मग नवीन साहेबांनी एक केलं, गावाला जायच्या आधी त्या गावची यादी मोबाइलवर दिसायला लागली, कुणाचं किती येणं आहे, मागं काय नेलं, काय तक्रार होती. एकदा आटपाडी भागात एका डाळिंबवाल्याकडं शिरायच्या आधी बघितलं तर मागच्या खेपेला त्याला फुटका कॅन गेलेला आणि बदलून द्यायचा राहिलेला. मी गाडीत दुसरा कॅन टाकूनच गेलो. त्या दिवशी मला पटलं की हे माझ्या कामाचं आहे, त्यानंतर मला कुणी भर म्हणून सांगावं लागलं नाही.

एक विनंती, लोकेशन ट्रॅकिंग आणि हजेरी या अ‍ॅपला जोडू नका. जोडलं की पोरं भेटीची नोंद हजेरीसाठी करतात, गिऱ्हाइकासाठी नाही.

कुपवाड_जॉबवर्क

लोकेशनच्या मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. आमची दोन माणसं पुणे-कोल्हापूर फिरतात, पेट्रोलचा हिशोब द्यावा लागतो, लोकेशन नसेल तर वाद होतात. पण हजेरी वेगळ्या अ‍ॅपवर ठेवा हे मान्य, एकात एक मिसळू नये.

वहीवर परत जायचं म्हणणाऱ्या मामांना एक सांगा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी आलं तेव्हा गावातल्या आमच्या जुन्या ऑफिसात अकरा वर्षांच्या वह्या होत्या. पाणी उतरल्यावर दार उघडलं तर सगळा लगदा. कुणाला कुठला रेट दिला, कुणाचं ड्रॉइंग कुठलं, सगळं गेलं, पुढचे सहा महिने गिऱ्हाइकालाच विचारत होतो की मागच्या वेळी काय ठरलेलं. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा मशिनरी हलवायची पळापळ झाली पण डेटाची काळजी नव्हती. फक्त दर महिन्याला एक्सेलमध्ये सगळं उतरवून घ्या आणि वेगळ्या जागी ठेवा, सबस्क्रिप्शन बंद पडलं तरी आपलं आपल्याकडं असतं.

मिरज_ठिबक

ताई, तुमचं आल्याचं उदाहरण मामांना वाचून दाखवलं, ते गप्प बसून ऐकत होते. जतवाल्या भावा, आमच्यात किती रकाने आहेत ते आत्ता मोजले, एकोणीस. ईमेल सक्तीचा आहे आणि सगळ्यांपुढं दुकानाचाच ईमेल भरलाय.

अजून एक अडचण. त्यात टप्पे इंग्रजी आहेत, क्वालिफिकेशन, नीड्स अ‍ॅनालिसिस, व्हॅल्यू प्रपोझिशन असले. पोरं पहिल्यात टाकतात नाहीतर एकदम शेवटच्यात. हे बदलता येतं का? आणि दुबार नावांचं काय करू?

कराड_सेटअप

मी हेच काम करतो, छोट्या धंद्यांना सीआरएम लावून देणं. एका ठिबकवाल्याचं पण केलंय, म्हणून तुम्हाला नेमकं सांगता येईल.

टप्पे बदलता येतात आणि बदलायलाच पाहिजेत. ते शब्द सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या जगातले आहेत, आपल्या शेतकऱ्याचं काम तसं पुढं सरकतच नाही. मी त्या दुकानात टप्पे लिहिले ते असे, चौकशी, शेत मोजलं, कोटेशन दिलं, महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाचं पोर्टल) अर्ज, पूर्वसंमती आली, बसवून दिलं, मोका तपासणी (शेतावर येऊन पाहणी), अनुदान जमा. मराठीतच लिहिले. पोराला विचारायचं नाही की डील कुठं आहे, फाइल कुठं अडकलीय हे विचारायचं, ते त्याला पाठ असतं. आणि रोखीवाल्यांची टप्प्यांची यादी वेगळी करा, त्यांना चारच टप्पे लागतात. एकत्र ठेवलं की अनुदानवाला चार महिने एका जागी बसलेला दिसतो आणि मालकाला वाटतं पोरगा झोपलाय.

हे टप्पे नीट ठेवले की पैसे कसे वाचतात बघा. पूर्वसंमतीच्या आधीचं बिल अनुदानाला चालत नाही, आणि संमती आल्यावर बसवायला मुदत असते. म्हणजे "पूर्वसंमती आली" या टप्प्यावर फाइल गेली की त्याच दिवशी फिटरच्या नावावर काम आपोआप पडलं पाहिजे, हे ऑटोमेशन बहुतेक सगळ्या सीआरएममध्ये असतं, लोक वापरत नाहीत. तसंच अल्प आणि अत्यल्प भूधारक आहे का इतर हा एक रकाना ठेवा, कारण केंद्राच्या योजनेचं अनुदान अनुक्रमे ५५ आणि ४५ टक्के, वर राज्याचं पूरक धरून ८० आणि ७५ टक्के होतं, आणि तेही ठरवून दिलेल्या खर्चाच्या मर्यादेत, आपल्या कोटेशनवर नाही. पोरगा बांधावर चुकीचा आकडा बोलून आला की पुढं दुकानात भांडण ठरलेलंच.

दुबार नावांचं. नाव हा ओळखीचा आधार धरूच नका, एका गावात पाटील किती आणि त्यात त्याच नावाचे किती. मोबाइल नंबर युनिक करा, फक्त आधी सगळे नंबर दहा आकड्यांवर आणा, शून्य, ९१, मधल्या मोकळ्या जागा काढून टाका, हे एक्सेलमध्ये शेवटचे दहा आकडे घेऊन होतं. मग मर्ज करा, म्हणजे दुबार नावं एकात एक करा, एकदम नाही, तालुक्यातालुक्यानं. गाव टाइप करायचं बंद, आधी तालुका निवडायचा मग त्याच तालुक्यातली गावं समोर येतात असं करा. सांगलीचे दहा तालुके, एका दिवसात यादी चढते. मग तुमचं कवठे पुन्हा होणार नाही. जुन्या ६१ जणांना मात्र फोनच करावा लागेल, त्याला दुसरा इलाज नाही, आणि तो फोन वाया जात नाही.

आता एक जे मला फार उशिरा कळलं. सातबारा वडलांच्या नावावर, फोन उचलतो मुलगा, आणि ठरवतात चुलते. सीआरएममध्ये तिघं तीन वेगळी गिऱ्हाइकं होऊन बसतात आणि तीन पोरं त्याच घरात तीन भाव सांगून येतात. अकाउंट म्हणजे घर धरा, गट नंबर तिथं लिहा, आणि माणसं त्याच्याखाली कॉन्टॅक्ट म्हणून टाका, कोण ठरवतं त्याच्यापुढं खूण करा. ज्या दुकानात हे केलं तिथं नावं जवळपास निम्म्यावर आली.

टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) असेल तर बिलं परत सीआरएममध्ये भरू नका, दुहेरी काम कुणी करत नाही आणि करू पण नये. आठवड्यातनं एकदा येणं बाकीचा रिपोर्ट एक्सेलमध्ये काढून चढवा, जतवाल्या भावांनी सांगितलं ते येणं त्यातनंच दिसतं.

आणि एक काळजीचं. अनुदानाच्या फायलीत आधार, पासबुक असतं, त्याचे फोटो पोरं सरळ सीआरएमला जोडतात, सगळ्यांना दिसतात. पोरगा सोडून गेला तरी त्याच्या मोबाइलमध्ये राहतात. आधार मास्क केलेलं घ्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, जिथं पूर्ण लागतं ते पोर्टलवर चढवा आणि सीआरएममध्ये "कागद पूर्ण" एवढीच खूण ठेवा. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी लोकांनी विश्वासानं दिलेला कागद आहे तो.

पोवईनाका_ताई

कराडच्या दादांनी घराचं सांगितलं ते सोळा आणे खरं. मी अजून एक जोडते, विकून झाल्यावर नाव बंद करू नका. आमच्याकडं सर्व्हिसच्या तारखा विक्रीच्या दिवशीच पडतात. तुमच्याकडं फिल्टर धुणं, लॅटरल (ठिबकच्या नळ्या) फ्लश, क्षार धरले की आम्लप्रक्रिया, हे असतंच ना? बसवल्याच्या तारखेवरनं त्या आठवणी आत्ताच टाकून ठेवा. विकायला नाही, नुसतं विचारायला फोन जातो ना, तेव्हा लोक शेजाऱ्याचं नाव सांगतात.

व्हॉट्सअ‍ॅप पण दुकानाच्या बिझनेस नंबरवर ठेवा, पोरांच्या खासगी नंबरवर नको, पोरगा गेला की सगळं बोलणं त्याच्याबरोबर जातं.

मिरज_ठिबक

तीन आठवडे झाले, जे झालं ते सांगतो.

एकोणीस रकान्यांचे पाच केले. चार जतवाल्या भावानं सांगितलेले आणि पाचवं शेत कुणाच्या नावावर. पुढची तारीख सक्तीची केली. टप्पे मराठीत केले, पोरांना समोर बसवून त्यांच्याच शब्दांत, एकानं "मोका तपासणी" च्या आधी "साहेब यायचेत" असा टप्पा पायजे म्हणून धरून बसला, तो पण ठेवला, कारण खरंच फायली तिथंच थांबतात. लोकेशन लावलं नाही.

आमच्या बिलिंगच्या ताईनं बिलं सोडून अर्धा दिवस नंबर साफ करायला दिले, २३०० चे १६४० झाले, अजून जत आणि शिराळा राहिलेत. ६१ कवठेवाल्यांना मी स्वतः फोन केले, ४४ जणांनी उचलले. त्यातल्या ९ जणांनी सांगितलं की ठिबक घ्यायचीच आहे, ऊस गेल्यावर. आधी हे ऐकून मी "फॉलोअप" लिहिलं असतं, आता प्रत्येकाला तोड कधी ते विचारून तारखा टाकल्यात, दोघांच्या जानेवारीतल्या आहेत. कवठेपिरानचे एक आजोबा म्हणाले तुमच्याकडनं आठ वर्षांपूर्वी ठिबक नेली, त्यानंतर आज पहिल्यांदा फोन आला, फिल्टरचं झाकण गळतंय. दुसऱ्या दिवशी पोरगा पाठवला, झाकणाचं रबर बदललं, चाळीस रुपयांचं काम. त्यांच्या मुलाचं तीन एकर शेजारीच आहे, तिथं मोजमाप घेऊन आलाय.

सावळजच्या बागायतदारांना पण फोन केला. विकायला नाही, तुमचं काम आमच्याकडनं राहिलं त्याबद्दल वाईट वाटलं एवढंच सांगितलं. म्हणाले धाकट्या भावाची दीड एकर आहे, एप्रिल छाटणीच्या आधी या. पुढची तारीख १ फेब्रुवारी टाकलीय, माझ्याच नावावर.

मामांनी अजून वही बंद केली नाही, पण सकाळी दुकान उघडलं की आता विचारतात, आजच्या यादीत कोण कोण आहे. जत आणि शिराळ्याच्या गावांची तालुक्यानुसार यादी कुणाकडं तयार एक्सेलमध्ये असली तर पाठवा, तेवढं टाइप करायचं वाचेल.

कराड_सेटअप

आहे माझ्याकडं, दहाही तालुक्यांची. मेसेज केलाय बघा. चढवायच्या आधी पोरांना एकदा दाखवा, वाड्यावस्त्यांची नावं ते सांगतील, ती सरकारी यादीत नसतात.